सरांची बदली झाल्यावरही विज्ञान मंडळ चालावं म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शाळेत विज्ञान मंडळ काढणं फार अवघड नाही. एखादे हौशी सर किंवा बाई येतात, भिंगं-चुंबकं गोळा करतात, पोरं जमतात, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन दणक्यात होतं. मग बदल्यांच्या कौन्सेलिंगमध्ये सरांची बदली होते, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. आरंभशूरपणाला आपल्याकडे तोटा नाही. हा लेख नव्याने मंडळ काढणाऱ्या शिक्षकांसाठी, पालकांसाठी आणि गावात राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. सुरू कसं करावं हे त्यात ओघाने येईलच, पण जास्त बोलायचंय ते तुम्ही तिथून गेल्यानंतरच्या वर्षांबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मंडळाला धरून ठेवायला वर्षानुवर्षं न थांबणारं एक साधं काम लागतं, आणि त्या कामाची वही लागते. किल्ली, पैसा, स्पर्धा, प्रदर्शन हे सगळं त्या वहीभोवती बसवायचं.

पायरी १: आधी शाळा नीट बघून घ्या

आपल्याकडे सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा बहुधा सातवीपर्यंत, काही ठिकाणी आठवीपर्यंत. पुढे हायस्कूल म्हणजे आठवी ते दहावी, त्यात दहावी एसएसएलसीला, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला वाहिलेली. म्हणजे एखादं पोर मंडळात फार तर तीन वर्षं, आणि खऱ्या अर्थाने हाताशी दोनच वर्षं. योजना करताना हा हिशेब पहिला.

दुसरं, शिक्षक किती आणि कसे. दोन शिक्षकी शाळेत एकाने मंडळ अंगावर घेतलं तर दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे, हे किती दिवस चालणार? अतिथी शिक्षक असतील तर त्यांची नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. ते उत्तम काम करतात, बऱ्याचदा कायम शिक्षकांपेक्षा जास्त जीव लावून करतात, पण पुढच्या जूनमध्ये ते याच शाळेत असतील याची खात्री त्यांनाही नसते. तेव्हा मंडळ एकट्या अतिथी शिक्षकाच्या नावावर काढू नका.

तिसरं, पोरं येतात कशी. हायस्कूलमध्ये आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून बसने येणारी मुलं असली की शाळा सुटल्यावरचं मंडळ हे फक्त गावातल्या पोरांचं मंडळ होतं. बस चुकली तर पुढची दीड तासाने. मुलींच्या बाबतीत तर घरची कामंही वाट बघत असतात. ही माहिती एका कागदावर लिहून काढा: चालत येणारी कोण, बसने येणारी कोण, शाळेजवळ राहणारी कोण. तिसरी यादी पुढे फार उपयोगी पडते.

पायरी २: दोन मोठी माणसं, त्यातलं एक गावातलं

शाळेतला एक कायम शिक्षक आणि गावातून न हलणारं एक माणूस, एवढी जोडी जमली तरच पुढे जा. गावातलं माणूस विज्ञानाचं पदवीधर असलंच पाहिजे असं नाही. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा एखादा माजी विद्यार्थी, दूध संस्थेत फॅट काढणारा, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त गुरुजी, कुणीही चालेल. दूध संस्थेतला माणूस रोज नमुना घेतो, मोजतो, लिहितो. प्रयोगशाळेची शिस्त याहून वेगळी काय असते?

जोडी ठरली की हेडमास्तरांशी बोलून एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या. अनुदानित हायस्कूल असेल तर संस्थेच्या पत्रावर. तोंडी परवानगी ही परवानगी देणाऱ्याच्या बदलीबरोबर जाते. ठरावात फार अलंकारिक काही नको. इतकं पुरे:

“शाळेत विज्ञान मंडळ चालवण्यास मंजुरी देण्यात येत आहे. मंडळाचे सर्व साहित्य शाळेच्या मालकीचे राहील व त्याची नोंद साठा नोंदवहीत होईल. कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापकांकडे व दुसरी मंडळाच्या विद्यार्थी प्रमुखाकडे राहील. प्रभारी शिक्षकांची बदली झाल्यास नवीन प्रभारीची नेमणूक पुढील बैठकीत करण्यात येईल.”

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. बदली झाल्यावर काय करायचं हे भांडणाच्या किंवा निरोपसमारंभाच्या दिवशी ठरत नाही, ते आधीच लिहिलेलं असावं लागतं. ठराव कन्नडमध्येही लिहून ठेवा. सीआरपी (शाळा-समूहाचे साधनव्यक्ती) तपासणीला आले किंवा बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात कागद द्यायची वेळ आली की तोच कामाला येतो, ऐनवेळी भाषांतर करून देणारा शोधत बसावं लागत नाही.

पायरी ३: कणा ठरवा

इथे थोडं थांबतो, कारण सगळं यावर आहे.

नवीन मंडळं सहसा “दर आठवड्याला एक प्रयोग” अशी सुरू होतात. मेणबत्तीवर ग्लास, लिंबाची बॅटरी, ज्वालामुखी. पोरांना मजा येते, येऊ द्या. अडचण अशी की या प्रयोगांना कालचा आज लागत नाही. गेल्या वर्षीच्या लिंबाच्या बॅटरीची यंदाच्या पोरांना काही गरज नसते. त्यामुळे एक वर्ष खंड पडला तरी कुणाचं काही अडत नाही, आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते आपल्याकडे बंद पडतं.

म्हणून असं एक काम निवडा ज्यात जुनी नोंद असली तरच नव्या नोंदीला अर्थ येतो. आपल्या भागात त्यासाठी पावसासारखा दुसरा विषय नाही. एकाच जिल्ह्यात मलप्रभेच्या उगमाकडचं कणकुंबी आणि तिकडे अथणी. कणकुंबीच्या बाजूला जोराच्या दिवशी शंभर-दीडशे मिलिमीटर कोसळतो, अथणीत काही वेळा अख्ख्या महिन्यात तेवढा होत नाही. आणि पाऊस हा घरोघरी बोलण्याचा विषय आहे. पोरगं घरी जाऊन “आज बेचाळीस मिलिमीटर झाला” म्हणालं की आजोबा लगेच वाद घालायला तयार.

पर्जन्यमापक घरी असा करा. सरळ बाजूंची, खाच-खोबणी नसलेली दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. कमरेत निमुळत्या असलेल्या बाटल्या चालत नाहीत. गळ्याखाली जिथे बाटली पूर्ण रुंद होते तिथे आडवी कापा. वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवा, तो झाला नरसाळं. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो, म्हणून तळात थोडे खडे टाका, त्यावर पाणी ओता आणि पाणी सरळ बाजूंपर्यंत चढलं की तिथे शून्याची खूण करा. खुणेपासून वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं पोट एकाच मापाचं असल्यामुळे पाण्याची वाढलेली उंची हाच पाऊस, मिलिमीटरमध्ये. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे पोरांना अंगणात चौकोन आखून, त्यात एक लिटर ओतून दाखवा. आकडा मग डोक्यात पक्का बसतो. माप घेतल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणून ठेवायचं.

बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून वाळूच्या डब्यात रोवा. भिंतीपासून, झाडापासून लांब ठेवा. जवळची वस्तू जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर. खानापूरच्या पश्चिमेकडच्या शाळांना एक जास्तीची सूचना: तुमची बाटली एका रात्रीत भरून वाहू शकते. जुलैत संध्याकाळीही माप घ्या आणि दोन्ही आकडे मिळवून दिवसाचा आकडा लिहा.

भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो. तुम्हीही तीच वेळ धरा, म्हणजे तुमचे आकडे इतरांशी ताडून बघता येतात. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेत. जवळपास असेल तर त्याच्या आकड्याशी आपला आकडा लावून बघणं हा स्वतंत्र अभ्यास होतो. फरक निघेल. तो का निघाला यावर पोरं आठवडाभर डोकं चालवतील.

साडेआठला शाळा कुठे उघडलेली असते? इथे ती तिसरी यादी काढा. शाळेजवळ राहणाऱ्या पोरांची आठवड्याची पाळी लावा, रविवार आणि दसऱ्याच्या सुट्टीसकट.

आता वही. जाड पुठ्ठ्याची, हातशिलाईची, डायरी नव्हे. रकाने पाच: तारीख, वेळ, मिलिमीटर, माप घेणाऱ्याचं नाव, शेरा. रकान्यांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहा. कारण उद्या तुमच्या जागी येणाऱ्या बाई मराठी वाचणाऱ्या असतीलच असं नाही, आणि वही त्यांना परकी वाटली तर ती कपाटात जाते.

वहीचा एक नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळा. पाऊस पडला नाही तर ० लिहायचं. माप घ्यायचं राहिलं तर रकान्यात आडवी रेघ. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पोरांना हे समजलं की विज्ञानाचा अर्धा अभ्यास झाला. राहिलेलं माप मागाहून अंदाजाने भरणं हा एकमेव गुन्हा माना. रेघ मारली म्हणून कुणाला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी खोटा आकडा येईल. शेऱ्यात वाटेल ते लिहू द्या: गारा पडल्या, नरसाळ्यात पान अडकलं, आमची भाताची लावण झाली, रताळ्याचे वेल लावले. पाच वर्षांनी हेच शेरे सर्वांत मोलाचे ठरतात.

पावसाळा नसताना काय, असं कुणी विचारेलच. त्यासाठी सावलीची काठी आहे. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि आठवड्यातून एकदा दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य मध्यावर बाराला येत नाही. ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पावणेएकच्या दरम्यान येतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला बेळगावात मीटरभर काठीची सावली साधारण ८२ सेंटिमीटर भरते, मार्चच्या २१ ला २८ च्या आसपास. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मात्र दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. जूनच्या २१ ला ती जेमतेम १३ सेंटिमीटर असते. सूर्य नेहमी दक्षिणेकडे कललेला असतो असं ठामपणे सांगणारी मोठी माणसं गावोगाव आहेत, त्यांना काठीपाशी घेऊन या.

शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा: मेच्या ३-४ तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या ८-९ च्या सुमारास. निपाणी थोडी उत्तरेला, तिथे मेमध्ये दोनेक दिवस नंतर आणि ऑगस्टमध्ये तेवढेच आधी. गंमत अशी की मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळ गच्च. एका वर्षात हा दिवस हुकणारच. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये नेमकी उघडीप मिळेल, त्या वर्षाच्या पोरांना मागच्या रेघांच्या खाली पहिला आकडा लिहायला मिळतो. मंडळ चालू ठेवायला असं काहीतरी अपुरं राहिलेलं असणं बरं असतं.

तिसरा पर्याय झाडाचा. आवारातलं एक आंब्याचं, फणसाचं किंवा चिंचेचं झाड निवडून दर आठवड्याला पालवी, मोहोर, कच्ची-पिकली फळं यांची नोंद. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातल्या शाळा हेच करतात, त्यात आपल्या नोंदी घालता येतात. लहान शाळेने तिन्ही कामं एकदम घेऊ नयेत. पाऊस पुरे.

पायरी ४: वेळ

शाळेच्या वेळेतच. शनिवारची सकाळची शाळा असते, तिच्यातली शेवटची तासिका मागून घ्या. कर्नाटकात महिन्यातून एकदा दप्तराविना ‘संभ्रम शनिवार’ असतो, तो मोठ्या प्रयोगासाठी किंवा बाहेर जाण्यासाठी राखा. आठवड्याला एक तासिका नियमाने मिळाली तर ती महिन्यातून एकदा मिळणाऱ्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त कामाची. सहलीबद्दल एक सोपी सोय: जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसेसमधून मुलींचा प्रवास मोफत आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघायला किंवा हिडकल धरणावर जायचं तर खर्च फक्त मुलांच्या तिकिटाचा उरतो.

पायरी ५: कारभार जानेवारीत सोपवा

नेहमीची पद्धत म्हणजे वरच्या वर्गातली पोरं एप्रिलमध्ये जातात आणि जूनमध्ये खालच्यांना नेमलं जातं. तेव्हा शिकवायला कुणी उरलेलं नसतं. म्हणून नेमणुका १ जानेवारीच्या आठवड्यात करा. सातवीने सहावीकडे द्यायचं. हायस्कूलमध्ये दहावीने नववीकडे नव्हे तर नववीने आठवीकडे, कारण दहावीची पोरं दिवाळीनंतर तशीही हाताला लागत नाहीत. जानेवारी ते मार्च जुना प्रमुख शेजारी उभा राहतो, पण हात लावत नाही. हे पाळणं सातवीतल्या पोरांना फार जड जातं. शिक्षकांनाही जातं.

जबाबदाऱ्या तीनच ठेवा: वही, किल्ली, साहित्य. प्रत्येकीला दोन पोरं, एक वरच्या वर्गातलं आणि एक खालच्या. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी मोठी कार्यकारिणी केली की पोरं पदासाठी भांडतात आणि बाटली कुणीच बघत नाही. प्रमुख दरवेळी वर्गातला पहिला नंबरच असला पाहिजे असंही नाही. मला तर शेतात काम करणारी, हाताने कामाची, थोडी अबोल पोरं या कामाला जास्त पसंत आहेत. मुलींकडे किल्ली असेल असं आवर्जून बघा, नाहीतर त्यांच्या वाट्याला रांगोळी आणि सूत्रसंचालन येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वही कुठे राहणार हेही मार्चमध्येच ठरवा. वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्ये येतो आणि तो चुकवून चालत नाही. गावातल्या त्या जोडीदार माणसाकडे वही आणि बाटली ठेवायची, पाळीवाल्या पोराने रोज तिथे जायचं.

पायरी ६: कपाट, दमट हवा आणि फुकटचं साहित्य

पश्चिमेकडच्या गावांत जून ते सप्टेंबर कपाटातलं सगळं मऊ पडतं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी धरली की ती सहसा निघत नाही, आणि शाळेतली सर्वांत महागाची वस्तू तीच असते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जेलने रंग बदलला की ते जुन्या तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं. मात्र तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही आणि हे काम मोठ्या माणसानेच करायचं. चुंबकं आणि लोखंडी वस्तूंना तेलाचा हात. आम्ल-बिम्ल प्राथमिक शाळेत ठेवूच नका; व्हिनेगर आणि लिंबावर बरंच भागतं.

साहित्याला पैसे कमी लागतात, ओळखी जास्त. वडगाव-शहापूरकडे यंत्रमाग आहेत, तिथल्या सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या कोनांतून नरसाळी, दुर्बिणीची नळी, आवाजाचे भोंगे होतात. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशिन शॉप आहेत. बाद झालेली बेअरिंगं, लेथवरचा कीस, तुटके गिअर मागितले तर नाही म्हणणारा विरळा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे बंद स्पीकरची चुंबकं मिळतात. इंजेक्शनच्या नव्या सिरिंज मेडिकलमधून आणा, वापरलेल्या कधीही घेऊ नका. शाळेतल्या मधल्या जेवणात अंडी असतात. एक न उकडलेलं अंडं स्वयंपाकघरातून मागून घ्या आणि व्हिनेगरमध्ये दिवसभर बुडवून ठेवा: बुडबुडे येत राहतात, कवच विरघळतं आणि आतलं पातळ कातडं तेवढं उरतं. टाकाऊपासून खेळणी करण्यासाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतही पुष्कळ व्हिडिओ आणि पुस्तकं मोफत आहेत. आधी तिथे बघा, मग दुकानात जा.

पायरी ७: पैसा

पहिल्या वर्षी दोन-तीन हजारांच्या पलीकडे जाऊ नका. जास्त पैसा आला की वस्तू येतात, वस्तू आल्या की त्या मोडू नयेत म्हणून कुलपात जातात. शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. शाळेच्या खात्यातून, पावतीसह. शिक्षकाने दर महिन्याला स्वतःच्या खिशातून भरणं हेही थांबवा. त्याचं मन मोठं असेल, पण त्याच्या जागी येणाऱ्याला तो पायंडा झेपत नाही.

गावातून मागायचं तर वस्तू मागा आणि वेळ साधा. लक्ष्मी यात्रेला पुण्या-मुंबईची, परदेशातली माणसं गावात येतात, शाळेत डोकावतात. तेव्हा वही उघडून त्यांच्यापुढे ठेवा आणि “एक चांगला हँडलेन्स हवाय” इतकं नेमकं सांगा. “शाळेसाठी काहीतरी करा” म्हटलं की पंखा येतो, आणि पंख्याच्या पात्यांवर नाव येतं. गणेश मंडळंही वह्या वाटतात. त्यातली एक जाड वही दरवर्षी पावसाची म्हणून देईल असं एखादं मंडळ ठरवून टाका.

पायरी ८: शेजारची कन्नड शाळा

आपल्या बऱ्याच गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असतात. दोन्हीकडे पट घटलेला, दोन्हीकडे विज्ञानाचे शिक्षक कमी. मंडळ एकत्र काढलं तर प्रभारी दोन होतात, आणि एकाची बदली झाली तरी दुसरा राहतो. टिकण्याच्या दृष्टीने एवढं मोठं आणि एवढं स्वस्त पाऊल दुसरं नाही. पाऊस मोजताना भाषेचा फारसा प्रश्न येत नाही. पोरं तशीही खेळताना दोन्ही भाषा बोलतातच. मोठ्यांनी मध्ये पडून मानापमान काढला नाही म्हणजे झालं. ठराव मात्र दोन्ही शाळांचे वेगवेगळे करा आणि साहित्य कुणाचं कोणतं हे साठा वहीत स्पष्ट ठेवा.

पायरी ९: योजना आणि स्पर्धा

योजना हे तोंडी लावणं आहे. भाकरी आपली आपण भाजायची.

हे का म्हणतो त्याला ताजं उदाहरण आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या विज्ञान प्रसार या केंद्राच्या संस्थेने ‘विपनेट’ नावाने देशभरातल्या विज्ञान मंडळांचं जाळं विणलं होतं. ती संस्थाच २०२३ मध्ये बंद केली गेली. ज्यांचं सगळं कामकाज वरून येणाऱ्या उपक्रम-पत्रकांवर होतं त्यांच्याकडे मग करायला काय उरतं, याचा विचार करून बघा.

तरीही जे मिळतं ते घ्यावं. इन्स्पायर-मानक योजनेत शाळेतून कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यावर १०,००० रुपये येतात. आपल्याकडची खरी अडचण कल्पनेची नसते, नावाची असते: शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. सहावीत आलेल्या प्रत्येक पोराचे हे तीन कागद जूनमध्येच ताडून बघा. राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस १९९३ पासून भरते, १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. कर्नाटकात तिचं काम कर्नाटक राज्य विज्ञान परिषद बघते. तिथे स्थानिक प्रश्नावर स्वतः गोळा केलेली माहिती लागते. तीन वर्षांची पावसाची वही असलेली शाळा त्यासाठी आयती तयार असते. इतर शाळा तेव्हा प्रकल्पाचा विषय शोधत असतात.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्राच्या योजनेतली शाळेतली जोडकामाची प्रयोगशाळा, सहावी ते बारावीसाठी असते, अनुदान २० लाखांपर्यंत, पण जागा, देखरेख आणि हिशेब सांभाळणारं माणूस हवं. नव्या मंडळाने तिच्या मागे लागू नये. जवळच्या ज्या शाळेला मिळाली आहे तिथे पोरांना घेऊन जायला परवानगी मागा. महाराष्ट्रातल्या परीक्षा आणि स्पर्धांची जाहिरात आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर येत असते. अर्ज करण्याआधी त्या कर्नाटकातल्या शाळांना खुल्या आहेत का ते नीट वाचा. पोरांनी तयारी करायची आणि मग नियमात बसत नाही म्हणून बाहेर राहायचं, हे सीमाभागाला नवं नाही, पण ते टाळता येतं.

पायरी १०: बदलीचा कागद हातात आल्यावर

तो कागद येणारच, हे धरून आधीपासून एक पान लिहून ठेवा आणि वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर: माप कसं घ्यायचं, शून्याची खूण कुठे, पाळी कशी लागते, कपाटात काय काय आहे, गावातला जोडीदार कोण, पुढचं काम कुठलं अर्धवट आहे. वहीच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून शाळेच्या संगणकावर ठेवा, एक प्रत गावातल्या जोडीदाराकडे द्या. मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्याची अॅडमिनगिरीही देऊन टाका आणि स्वतः बाहेर पडा.

कार्यमुक्त होण्यापूर्वी एसडीएमसीचा नवा प्रभारी नेमल्याचा ठराव झाला का तेवढं बघा. शेवटच्या आठवड्यात नवे प्रयोग दाखवत बसू नका. पोरांनाच सगळं करू द्या आणि कुठे अडतं ते टिपून ठेवा, म्हणजे चिकटवलेल्या पानात कोणती सूचना कमी आहे ते कळतं. नव्या शाळेत गेल्यावर फोनवरून जुनं मंडळ चालवण्याचा मोह होतो. नवीन बाईंना ते जाचतं. त्यांनी सावलीची काठी काढून तिथे परसबाग केली तरी बोलू नका. विचारलं तर सांगा. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रजा मिळत असेल तर एक चक्कर मारा, आभाळ उघडलं असेल तर.